तेजोमेघांचे पाच प्रकार नेमके कोणी ठरवले?

संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्यांना याद्या पाठ असतात. तेजोमेघांचे प्रकार किती? पाच. उत्सर्जन तेजोमेघ, परावर्तन तेजोमेघ, कृष्ण तेजोमेघ, बिंबाभ्रिका आणि अतिनवताऱ्यांचे अवशेष. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. पण समजा मुलाखतीला बसलेल्या एखाद्या खडूस प्राध्यापकांनी पुढचा प्रश्न टाकला, की ही विभागणी कोणत्या निकषावर केली आहे, तर काय सांगाल?

यादी पुन्हा एकदा वाचा. पहिले तीन प्रकार प्रकाशाबद्दल बोलतात: स्वतः प्रकाश टाकतो, दुसऱ्याचा परतवतो, की अडवतो. चौथ्याचं नाव आकारावरून पडलंय, कारण तो दुर्बिणीतून ग्रहाच्या बिंबासारखा दिसतो. पाचवा एकदम जन्मकथा सांगतो. म्हणजे एखाद्या वर्गातल्या मुलांची विभागणी उंच, मध्यम, बुटके, चष्मेवाले आणि मामाकडे राहणारे अशी करावी, तसं झालं हे. एकच मुलगा तीन गटांत सापडेल.

ही यादी कोणी एका बैठकीत बसून केलेली नाही, म्हणून ती अशी आहे. वेगवेगळी उपकरणं हाती असलेल्या लोकांना वेगवेगळे प्रश्न पडले, आणि त्या प्रश्नांची उत्तरं दीडशे-दोनशे वर्षांत या यादीत एकावर एक साचत गेली. शिवाय त्यातला सर्वांत मोठा गट मध्येच यादीतून उठून निघून गेला. माझा विषय विज्ञानाचा इतिहास, त्यामुळे यादीपेक्षा हे साचणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही उद्या कुठल्याही विषयात संशोधन करा, तुमच्या पहिल्या प्रकरणात अशीच एखादी वारशाने आलेली वर्गवारी असणार आहे.

आधी शब्दाचं बघू. लॅटिनमध्ये नेब्युला म्हणजे धुकं किंवा ढग. आकाशात जे ताऱ्यासारखं टोकदार न दिसता पुसट, धुरकट दिसतं ते सगळं नेब्युला. ते कशाचं बनलंय याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही, फक्त कसं दिसतं ते सांगतो. मराठीत आपण दोन शब्द वापरतो. ‘अभ्रिका’ हा मूळ अर्थाच्या जवळचा, अभ्र म्हणजे ढग. ‘तेजोमेघ’ जास्त रुळलेला, पण तो आधीच निकाल देऊन टाकतो: हा मेघ आहे आणि तो तेजस्वी आहे. मग ‘कृष्ण तेजोमेघ’ म्हणताना आपली जीभ जरा अडखळते. मी पुढे तेजोमेघच म्हणणार आहे, पण जुन्या लोकांच्या तोंडी हा शब्द घालताना लक्षात ठेवा, की त्यांना तो मेघ आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यांचा सगळा वाद त्यावरच होता.

वादाची सुरुवात गॅलिलिओपासून धरता येते. पुष्य नक्षत्रात नुसत्या डोळ्यांनी एक अंधुक डाग दिसतो. प्राचीन काळापासून त्याची नोंद ‘धुरकट तारा’ अशी होत होती. १६१० साली गॅलिलिओने दुर्बीण लावली तर तिथे चाळीसच्या आसपास सुटे तारे निघाले. निष्कर्ष सरळ होता: धुरकटपणा आकाशात नाही, आपल्या डोळ्यांत आहे. चांगली दुर्बीण आणा, ढगाचे तारे होतील. हा निष्कर्ष इतका पटण्यासारखा होता की पुढची अडीचशे वर्षं तो लोकांच्या मानेवर बसून राहिला.

मधल्या काळात शार्ल मेसिएची प्रसिद्ध यादी तयार झाली. तिच्याबद्दल एवढंच सांगते, की ती तेजोमेघांच्या प्रेमापोटी झालेली नाही. मेसिए धूमकेतू शोधणारा माणूस. १७५८ साली वृषभ राशीत त्याला एक डाग दिसला, धूमकेतू वाटला, पण तो जागचा हलेना. असे फसवे डाग पुन्हा त्रास देऊ नयेत म्हणून त्याने यादी केली, आणि १७८१ पर्यंत ती १०३ वर गेली. म्हणजे ही ‘धूमकेतू नसलेल्या’ गोष्टींची यादी आहे. तिच्यात तारकापुंज आहेत, वायूचे ढग आहेत, अख्ख्या दीर्घिका आहेत. वृषभातला तो पहिला डाग म्हणजे आजचा क्रॅब तेजोमेघ. त्याच्याकडे शेवटी येऊ.

हर्शेलचा तारा

विल्यम हर्शेलकडे मात्र निवांत बघायला हवं. १७८३ पासून त्याने आकाश पट्ट्यापट्ट्याने झाडून काढायला सुरुवात केली. तो दुर्बिणीशी, आणि बहीण कॅरोलिन घड्याळ आणि ताऱ्यांची यादी घेऊन लिहायला. तो ओरडून सांगायचा, ती वेळ आणि जागा टिपून घ्यायची आणि दिवसा सगळं स्वच्छ करून लिहायची. १७८६, १७८९ आणि १८०२ साली छापलेल्या त्यांच्या तीन याद्यांत मिळून २५०० वस्तू आहेत. त्याआधी मेसिएच्या शंभर होत्या, हे लक्षात घ्या.

सुरुवातीला हर्शेल पक्का गॅलिलिओच्या बाजूचा. मेसिएला ढग दिसले तिथे त्याला तारे दिसत होते, मग उरलेल्यांतही दिसतील, दुर्बीण मोठी करायचा अवकाश. १३ नोव्हेंबर १७९० च्या रात्री वृषभात त्याला एक तारा दिसला, आणि त्याच्याभोवती सगळीकडून सारखं पसरलेलं पुसट तेज. तारा बरोबर मध्यभागी. हर्शेलचा युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. हे तेज आणि तारा योगायोगाने एका रेषेत आले असतील हे पटत नाही, इतकं ते सारखं आहे. म्हणजे दोघं एकत्रच आहेत, एकाच अंतरावर. आता ते तेज जर असंख्य ताऱ्यांचं असेल, तर ते तारे इतके बारीक की वेगळे दिसत नाहीत, आणि मधला मात्र ठळक. मग एकतर मधला तारा अवाढव्य राक्षसी, नाहीतर बाकीचे अविश्वसनीय चिमुकले. दोन्ही पटत नसेल तर तिसरा मार्ग उरतो: ते तारे नाहीतच. तो एखादा चमकणारा द्रव आहे.

दुर्बीण बदलली नव्हती. चाळीस फुटी प्रचंड दुर्बीण आदल्या वर्षी उभी राहिली होती, पण हा शोध नेहमीच्या वीस फुटीतलाच. बदलला तो प्रश्न. आधी तो विचारत होता, ‘याचे तारे वेगळे दिसतात का?’ आता विचारलं, ‘हे तारे असते तर आणखी काय काय खरं असावं लागलं असतं?’ १७९१ साली त्याने हे छापलं, आणि आपलंच आधीचं मत उघडपणे मागे घेतलं. त्या वस्तूला आज आपण बिंबाभ्रिका म्हणतो. हा वर्गही हर्शेलनेच काढलेला. युरेनसचा शोध १७८१ सालचा त्याचाच, त्यामुळे ग्रहाची फिकट चकती कशी दिसते हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार! दिसायला ग्रहासारखं म्हणून नाव दिलं, आणि ग्रहांशी काडीचा संबंध नसताना ते नाव आजतागायत चिकटून आहे.

बाहत्तर इंची आरसा आणि चुकीचं उत्तर

हर्शेलनंतर हा प्रश्न नुसता खगोलशास्त्राचा राहिला नाही. तेजोमेघ खरोखर वायूचे असतील, तर त्यातून आक्रसत आक्रसत सूर्य आणि ग्रह बनले असतील, हा लाप्लासचा विचार टिकतो. ब्रिटनमध्ये १८४० च्या दशकात हा विचार प्रगतिवाद्यांना प्रिय होता आणि धर्मपीठांना खुपत होता, कारण विश्व आपोआप घडत जातं असं म्हटलं की पुढे जीवसृष्टीही आपोआप घडली का, हा प्रश्न येतोच. त्यामुळे मृग नक्षत्रातल्या त्या डागाकडे सगळ्यांचे डोळे लागले. हिवाळ्यात तुम्हीही बघू शकता: मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली, जरा धुरकट दिसतं ते. तो फुटला आणि तारे निघाले, तर लाप्लासचा सर्वांत मोठा साक्षीदार गेला.

आयर्लंडमध्ये बर इथे लॉर्ड रॉसने १८४५ साली ७२ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली. जगात तोवर एवढी मोठी दुर्बीण नव्हती. त्याच वर्षी तिच्यातून एका तेजोमेघाचा भोवऱ्यासारखा सर्पिल आकार पहिल्यांदा दिसला, आणि हा शोध खरा होता. पुढच्या वर्षी रॉसने कळवलं, की मृगातला तेजोमेघही ताऱ्यांत फुटतो आहे. १८४७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या बाँडनेही आपल्या नव्या १५ इंची दुर्बिणीतून तेच सांगितलं. दोन देश, दोन वेगळ्या प्रकारच्या दुर्बिणी, एकच उत्तर. लाप्लासचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या ग्लासगोच्या निकोलनेही मान तुकवली.

आणि उत्तर चूक होतं. मृगातला तेजोमेघ वायूचा आहे.

मग रॉस आणि बाँड खोटं बोलले का? अजिबात नाही. तिथे खरोखरच तारे आहेत, नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांचा एक पुंजच त्या वायूत बसलेला आहे. दुर्बिणीला ते दिसले. ‘इथे तारे आहेत’ हे निरीक्षण बरोबर. ‘म्हणून हे सगळं ताऱ्यांचंच आहे’ हा अनुमानाचा पूल कच्चा. दोन स्वतंत्र निरीक्षकांचं एकमत झालं की आपण निर्धास्त होतो, पण दोघांनीही तोच पूल वापरला असेल तर त्या एकमताला फारसा अर्थ उरत नाही. तुमच्या संदर्भसाहित्यात ‘अनेक अभ्यासकांच्या मते’ असं वाक्य लिहिताना हा १८४७ सालचा प्रसंग आठवून बघा.

२९ ऑगस्ट १८६४

तोडगा मोठ्या दुर्बिणीतून आलाच नाही. तो आला अवघ्या आठ इंची दुर्बिणीतून, पण तिच्या मागच्या टोकाला लोलक बसवला होता.

१८५९-६० मध्ये जर्मनीत किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटाचे नियम मांडले. तापलेली घन किंवा दाट वस्तू प्रकाशाचा सलग पट्टा देते. ताऱ्याचा प्रकाश असा सलग असतो, त्यावर काळ्या रेषा. विरळ तापलेला वायू मात्र सलग पट्टा देत नाही, काही ठरावीक तेजस्वी रेषाच देतो. लंडनजवळच्या टल्स हिलमधल्या विल्यम हगिन्सने घरचा कापडाचा धंदा सोडून आपल्या बागेत वेधशाळा थाटली होती. २९ ऑगस्ट १८६४ ला त्याने कालेय तारकासमूहातली एक बिंबाभ्रिका घेतली आणि वर्णपट पाहिला. सलग पट्टा नव्हता. हिरव्या भागात एक रेष, आणि बारकाईने पाहिल्यावर आणखी दोन फिकट रेषा. वायू!

पुढच्या वर्षी मृगातला तेजोमेघही तसाच निघाला. हगिन्सने लगेच लिहिलं, की दुर्बिणीत बारीक ठिपके दिसणं हा आता तारे असल्याचा भरवशाचा पुरावा मानता येणार नाही. १८६६ पर्यंत त्याने साठहून अधिक तेजोमेघ तपासले, त्यातले सुमारे एक तृतीयांश वायूचे होते. बाकीच्यांचा वर्णपट सलग, देवयानीचाही. काही लोक मग ‘हिरवे’ आणि ‘पांढरे’ तेजोमेघ म्हणू लागले. हर्शेलला ज्या भेदासाठी इतका युक्तिवाद करावा लागला, तो आता एका नजरेत दिसत होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी इथे एक मेख आहे. त्या रात्रीचं जे नाट्यमय वर्णन पुस्तकांत फिरत असतं, ते हगिन्सने १८९७ साली लिहिलेल्या आठवणींतलं आहे. घटनेनंतर तेहेतीस वर्षांनी! बार्बरा बेकर या इतिहासकाराने त्याच्या मूळ वेधवह्या त्या आठवणींशेजारी ठेवून वाचल्या. वह्यांतला हगिन्स आठवणींतल्या हगिन्सइतका सरळ रेषेत चालत नाही. तो संधी दिसेल तिकडे वळतो, मध्येच काम टाकतो, दुसरं धरतो. आणि नंतरच्या वर्षांत पत्नी मार्गारेट ही नुसती मदतनीस नसून बरोबरीची संशोधक होती, हेही वह्यांवरून दिसतं. थोरामोठ्यांच्या आठवणी वापरायला हरकत नाही, पण त्या घटनेच्या वर्षाचा पुरावा नसतात, लिहिल्याच्या वर्षाचा असतात. तळटिपेत दोन्ही सालं लिहायची सवय आत्ताच लावून घ्या.

पुण्यातली एक रेष

हगिन्सच्या त्या हिरव्या रेषेने वेगळाच घोळ घातला. ती पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. मग तेजोमेघांत एखादं अनोळखी द्रव्य असावं असं म्हणून त्याला ‘नेब्युलियम’ हे नाव पडलं. हसू नका. सूर्याच्या वर्णपटात १८६८ साली अशीच एक अनोळखी रेष सापडली होती, तिला हेलियम म्हणत, आणि १८९५ साली हेलियम खरोखर प्रयोगशाळेत मिळालं.

पण नॉर्मन लॉकियरला नेब्युलियम मान्य नव्हतं. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, असं त्याचं म्हणणं, आणि ती रेष म्हणजे उल्कांतल्या मॅग्नेशियमच्या पट्टीची कड. हे खरं असेल तर रेष एका बाजूला पुसट व्हायला हवी. कडा दोन्ही बाजूंनी धारदार असतील तर लॉकियर चूक.

हा वाद सोडवणाऱ्यांत एक नाव पुण्याचं आहे. कावसजी दादाभाई नायगमवाला, कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवायचे. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि मुंबई सरकारची भर यातून तिथे १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली, डब्लिनच्या ग्रब कंपनीची परावर्ती दुर्बीण आली. लॉकियरशी नायगमवालांचे चांगले संबंध होते. तरीही त्यांनी मृगातल्या तेजोमेघाची ती रेष तपासली आणि १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात स्पष्ट लिहिलं, की रेष धारदार आहे. अमेरिकेत लिक वेधशाळेच्या कीलरने आदल्या वर्षी तिची तरंगलांबी अचूक मोजून मॅग्नेशियमशी ती जुळत नसल्याचं दाखवलं होतं. हे दोन पुरावे वेगळ्या वाटेने आले होते, एक मोजमापातून, दुसरा रेषेच्या आकारातून. रॉस आणि बाँडच्या एकमतापेक्षा हे एकमत वजनदार, ते यामुळेच.

१८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला वेध घ्यायलाही नायगमवाला गेले होते. १९१२ साली ते निवृत्त झाल्यावर पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला रवाना झालं. आपल्याकडे विज्ञानाच्या इतिहासावर प्रबंध करू इच्छिणाऱ्यांनी या वेधशाळेकडे जरूर बघावं. एका माणसावर उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबर कशी संपते, हा विषय अजून जुना झालेला नाही.

नेब्युलियमचा निकाल १९२७ साली लागला. कॅलिफोर्नियातल्या आयरा बोवेनने दाखवलं, की ती रेष ऑक्सिजनची आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. मग प्रयोगशाळेत ती का दिसत नाही? उत्तेजित अणू साधारणपणे सेकंदाच्या दहा-कोटीव्या भागात प्रकाश टाकून मोकळा होतो. पण या विशिष्ट अवस्थेतून सुटायला त्याला अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या घरात वेळ लागतो. आपल्या भोवतीच्या हवेत एका घन सेंटिमीटरला २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. तिथे तेवढ्या वेळात अणूला असंख्य धक्के बसतात आणि त्याची ऊर्जा प्रकाश न होताच निघून जाते. तेजोमेघात त्याच जागेत काही शे ते काही हजार कण. तिथे अणू निवांत वाट बघू शकतो. म्हणजे तेजोमेघ कशाचा बनलाय या प्रश्नाचं उत्तर ‘किती विरळ आहे’ यात दडलं होतं. नवं द्रव्य नव्हतंच, नवी पोकळी होती.

ढग एक, प्रकार तीन

काळ्या तेजोमेघांची गोष्ट तुलनेने थोडक्यात सांगते. आकाशगंगेत तारे नसलेल्या काळ्या जागा हर्शेलनेही पाहिल्या होत्या, आणि त्या भोकं वाटणं साहजिक होतं. एडवर्ड बर्नार्डने वर्षानुवर्षं आकाशगंगेची छायाचित्रं काढली. त्यालाही बराच काळ त्या रिकाम्या जागाच वाटत होत्या. हळूहळू, छायाचित्रं वाढत गेली तसा तो दुसऱ्या बाजूला सरकला: समोर काहीतरी आडवं आलंय. १९१९ साली त्याने अशा १८२ जागांची यादी छापली. मृगातला प्रसिद्ध घोड्याच्या डोक्यासारखा काळा आकार त्याआधीच, १८८८ च्या हार्वर्डच्या काचेवर विल्यमिना फ्लेमिंगने ओळखला होता. पुढच्या सूचीत श्रेय मात्र तिच्या वरिष्ठांच्या, पिकरिंगच्या नावावर पडलं. जुन्या याद्यांत शोधकर्त्याचं नाव वाचताना, वही कोणी भरली हा प्रश्न विचारायचा तो यासाठी.

परावर्तन तेजोमेघ १९१२ सालचा. कृत्तिकांभोवती जी निळसर धूसर छटा असते, तिचा वर्णपट व्हेस्टो स्लायफरने घेतला तर तो जवळच्या ताऱ्याच्या वर्णपटाची हुबेहूब नक्कल निघाला. म्हणजे ती धूळ, आणि प्रकाश उसना. इथवर उत्तम. पण स्लायफरने लगेच पुढची उडी मारली: देवयानीचा वर्णपटही सलग आहे, तर तिथेही मध्ये एक तारा आणि भोवती उजळलेला कचरा असेल का? तर्क वाईट नव्हता, निष्कर्ष चुकला. त्याच सुमारास देवयानी सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतेय, हे मोजणाराही तोच.

या तीन प्रकारांना जोडणारी कडी १९२२ साली एडविन हबलने घातली. हे काम त्याच्या दीर्घिकांच्या कामाखाली झाकलं गेलंय, पण मला ते फार आवडतं. त्याने तेजोमेघ आणि त्यांना उजळणारे तारे यांच्या जोड्या लावल्या. जवळचा तारा अतिशय तप्त असेल, म्हणजे साधारण २५ हजार अंशांच्या पुढचा, तर ढग स्वतःच्या रेषांनी उजळतो. तारा त्याहून थंड असेल तर ढग फक्त प्रकाश परतवतो. आणि जवळपास ताराच नसेल तर ढग काळा.

याचा अर्थ काय झाला? उत्सर्जन, परावर्तन आणि कृष्ण या ढगांच्या जातीच नाहीत. वायू तोच, मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम, त्यात चिमूटभर धूळ. प्रकार ठरतो तो शेजारी कोण आहे आणि आपण कुठून बघतोय यावर. धनु राशीतला ट्रिफिड तेजोमेघ बघा, कोणत्याही रंगीत छायाचित्रात: लाल भाग उत्सर्जनाचा, निळा परावर्तनाचा, आणि त्याला तीन फाकांत चिरणाऱ्या काळ्या पट्ट्या धुळीच्या. यादीतले तीन प्रकार एकाच चौकटीत.

उरलेले दोन प्रकार मात्र खरोखर वेगळे आहेत, कारण ते ताऱ्याच्या शेवटाशी जोडलेले आहेत. सूर्यासारखा तारा म्हातारा होताना बाहेरचे थर सोडून देतो आणि उघडा पडलेला तप्त गाभा त्यांना उजळतो, ती बिंबाभ्रिका. जड तारा स्फोट होऊन जातो, तो पाचवा प्रकार. मेसिएला फसवणारा वृषभातला डाग हाच. १९२१ साली जुनी आणि नवी छायाचित्रं जुळवताना तो फुगतोय हे कळलं, आणि प्रसरणाचा वेग उलटा मोजत हबलने १९२८ साली तो १०५४ च्या चिनी नोंदींतल्या ‘पाहुण्या ताऱ्या’शी जोडला. खगोलशास्त्राच्या सेवेला दरबारातल्या नोंदी कशा येतात याचं इतकं सुंदर उदाहरण दुसरं नाही.

यादीतून उठून गेलेला गट

राहिले ते ‘पांढरे’ सर्पिल तेजोमेघ. २६ एप्रिल १९२० ला वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅपली आणि हीबर कर्टिस यांनी त्यांच्यावर आपापली बाजू मांडली. ते आपल्याच आकाशगंगेत आहेत, असं शॅपली म्हणत होता, आणि त्याच्याकडे पुरावे होते. १८८५ साली देवयानीत उजळलेला तारा इतका ठळक होता की देवयानी फार लांब असेल तर त्या ताऱ्याचं तेज अशक्य कोटीतलं ठरतं. शिवाय व्हॅन मानेनने सर्पिलं फिरताना मोजली होती, आणि ती लांब असती तर तो वेग भलताच निघाला असता. तो तारा अतिनवतारा होता आणि व्हॅन मानेनची मोजमापं चुकीची होती, पण १९२० साली हे कोणाला ठाऊक? त्या वर्षी तुम्ही असता तर कदाचित शॅपलीच्या बाजूने बसला असता.

ऑक्टोबर १९२३ मध्ये हबलला माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीच्या एका काचेवर देवयानीत सेफिड चलतारा सापडला. हेन्रिएटा लेव्हिटने १९१२ साली दाखवलं होतं की अशा ताऱ्याचा आवर्तकाल कळला की खरं तेज कळतं, आणि त्यावरून अंतर. हबलचं अंतर आलं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. आज आपण २५ लाख मानतो, पण वाद संपवायला ९ लाखही पुरेसे होते. १ जानेवारी १९२५ ला हे वॉशिंग्टनच्या सभेत वाचून दाखवलं गेलं. देवयानी ढग नव्हती, आपल्या आकाशगंगेसारखीच स्वतंत्र दीर्घिका होती. गॅलिलिओचा नियम तिच्याबाबतीत खरा ठरला. ती खरोखर ताऱ्यांचीच होती, फक्त त्याच्या कल्पनेपलीकडे लांब.

आता गंमत बघा. हबलने १९३६ साली या दीर्घिकांवर पुस्तक लिहिलं त्याच्या नावात शब्द होता नेब्युला, अनेकवचनात. त्याने शेवटपर्यंत तो शब्द सोडला नाही. ड्रायरच्या १८८८ च्या सूचीत, जिचे क्रमांक आजही रोज वापरले जातात, ७८४० नोंदी आहेत आणि सूचीच्या नावात तेजोमेघ आणि तारकापुंज आहेत. त्यातल्या बहुतेक नोंदी निघाल्या दीर्घिका. आणि जुन्या मराठी पुस्तकांत ‘देवयानी तेजोमेघ’ दिसला तर पेन्सिलने चूक अशी खूण करण्याआधी पुस्तकाचं साल बघा, आणि लेखकाने तो मजकूर कोणत्या सालच्या पुस्तकावरून घेतला असेल तेही.